मुलाच्या हातावरची खूण : एका तपासणीचा इतिहास

क्षयाची शंका आली की लहान मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, एक बारीक सुई टोचतात. औषधाचा थेंब कातडीखाली न जाता कातडीतच राहावा लागतो. तो बरोबर पडला की तिथे टिकलीएवढा पांढरट फुगवटा येतो आणि थोड्या वेळात बसतो. ‘परवा नाहीतर तेरवा दाखवायला आणा, तोवर खाजवू देऊ नका,’ असे सांगून मायलेकरांना घरी पाठवतात. ते परत आले की डॉक्टर किंवा परिचारिका बोटाने जागा चाचपून टणक झालेल्या भागाची रुंदी मोजतात. नुसती लाली हिशेबात धरायची नसते. रुंदी १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर साधारणपणे लागण झाली असे मानतात. दवाखान्यात या तपासणीला ‘मांटू’ म्हणतात. मांटू हे एका फ्रेंच डॉक्टरांचे आडनाव आहे.

मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी आयुष्यभर हिशेबाचे काम केले आणि उरलेल्या वेळात साथी आणि रोगांचा इतिहास वाचत आलो. जुने अहवाल, मोहिमांचे तक्ते, समित्यांची टिपणे वाचताना हिशेबनिसाची सवय सुटत नाही. एका बाजूला जमा धरलेली रक्कम दुसऱ्या बाजूला कुठे पडली, हे डोळे आपोआप शोधतात. मुलांच्या क्षय-तपासणीचे आकडे पाहताना मला असाच एक प्रश्न पडला. किती मुले तपासली हे सापडते, किती मुलांत लागण निघाली हेही सापडते. पण लागण निघालेल्या मुलाचे पुढे काय केले? हा लेख त्या प्रश्नाचा माग आहे.

औषध फसले, कसोटी उरली

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. क्षय घराण्यातून येतो, नाजूक प्रकृतीच्या माणसाला होतो, अशा जुन्या समजुतींना तो मोठा धक्का होता. तरी जंतू सापडणे आणि माणूस वाचणे यांत फार अंतर होते. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. तेव्हा त्यांचे वय पुरते बावीसही नव्हते. जंतूला नाव मिळून पाच वर्षे झाली होती, पण औषध कोणाकडेच नव्हते.

ते औषध आपल्याला सापडले असे १८९० मध्ये कॉख यांना वाटले. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी तसे सूचित केले आणि जगभरातून रोगी व डॉक्टर बर्लिनकडे धावले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे स्वतः डॉक्टर होते. तेही गेले, आणि हे औषध म्हणून कितपत चालेल याविषयी शंका व्यक्त करून परतले. औषधात काय आहे हे कॉख यांनी सुरुवातीला सांगितलेच नाही. पुढे कळले की तो क्षयजंतूंच्या वाढीचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क होता. त्याचे नाव ट्युबरक्युलिन. त्याने रोगी बरे झाले नाहीत, काही तर दगावले. कॉख यांच्या कीर्तीला मोठा डाग लागला.

पण या फसलेल्या औषधात एक गुण होता. ज्याच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरलेला आहे त्याला त्याच्या टोचणीने ताप भरे, आणि जंतू न शिरलेल्या माणसाला तेवढ्याच मात्रेने सहसा काही होत नसे. हा गुण गुरांच्या डॉक्टरांनी आधी उचलला. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९० च्या दशकात वरून धडधाकट दिसणाऱ्या क्षयी गाई ट्युबरक्युलिनने ओळखून कळपातून वेगळ्या काढायला सुरुवात केली. म्हणजे लागण झालेल्या गाईचे पुढे काय करायचे, हे पहिल्यापासून ठरलेले होते. मुलांच्या बाबतीत ते ठरायला फार वर्षे लागली.

व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ

ताप आणून तपासणी करणे लहान मुलांच्या बाबतीत धोक्याचे होते. यातून वाट काढली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी. आज घरोघरी बोलला जाणारा ‘ॲलर्जी’ हा शब्दही त्यांनीच १९०६ मध्ये घडवला. देवीची लस टोचताना त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. आधी लस घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा टोचले की त्याची कातडी पहिल्या वेळेपेक्षा लवकर लाल होते. म्हणजे शरीर आधीची गाठभेट लक्षात ठेवते. मग क्षयाच्या जंतूशी झालेली गाठभेटही कातडीला विचारता येईल, असा तर्क त्यांनी केला. १९०७ मध्ये त्यांनी मुलांच्या हातावर ट्युबरक्युलिनचे दोन थेंब ठेवून तिथे बारीक ओरखडे काढायची पद्धत मांडली. दोन्हींच्या मध्ये तुलनेसाठी नुसता कोरडा ओरखडा असे. ताप नाही, जीवाला धोका नाही, दोन दिवसांत उत्तर.

पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल मांटू यांनी ठरावीक मात्रा सुईने कातडीत सोडायची पद्धत सांगितली. ओरखड्यातून किती औषध आत गेले हे कळत नसे, सुईत ते मोजता येई. म्हणून पिर्केंची कल्पना मांटूंच्या नावाने जगभर गेली.

पिर्केंनी या कसोटीची मर्यादाही लगेच दाखवून दिली. गोवर आलेल्या मुलांची कातडी काही दिवस उत्तरच देत नाही, असे त्यांनी १९०८ मध्ये नोंदवले. जंतू आत असतो, पण शरीराची आठवण तेवढ्यापुरती झाकली जाते. फार कुपोषित मुलांतही असे होते. ज्या मुलाला धोका सर्वांत जास्त, त्याच्याच हातावर कधी कधी काहीच उमटत नाही. ही गोष्ट आपल्या देशात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नवी कसोटी हाती आल्यावर फ्रांत्स हाम्बुर्गर आणि मॉन्टी यांनी व्हिएन्नाच्या रुग्णालयात दुसऱ्याच आजारांसाठी आलेल्या गरीब घरच्या मुलांची तपासणी केली. १९०९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार वय वाढेल तसे लागणीचे प्रमाण वाढत जाऊन बारा-तेरा वर्षांच्या मुलांत ते नव्वद टक्क्यांच्या वर पोचत होते. या आकड्याने डॉक्टर चक्रावले. जवळजवळ सगळ्याच मुलांत जंतू शिरला होता, तरी बहुतेक मुले खेळत-बागडत होती. ‘लागण’ आणि ‘रोग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा आकड्यांनी सिद्ध झाले. जंतू आत शिरून निजून राहतो. बहुतेकांत तो जन्मभर उठत नाही, काहींत उठतो.

याच काळात एक वाईट पायंडाही पडला. मुले हाताशी असतात आणि त्यांना विचारावे लागत नाही. १९०८ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका अनाथालयातल्या शंभराहून अधिक लहान मुलांवर निरनिराळ्या ट्युबरक्युलिन तपासण्यांची तुलना करण्यात आली. त्यांतली एक पद्धत थेंब डोळ्यात घालण्याची होती. तिने काही मुलांचे डोळे सुजले, दुखावले. त्यावरून अमेरिकेत बराच गदारोळ झाला. तपासणी मुलांच्या भल्यासाठी आहे की तपासणाऱ्यांच्या माहितीसाठी, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे.

मूल बोलते मोठ्यांबद्दल

स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ आर्विद वाल्ग्रेन यांच्यासारख्या डॉक्टरांनी या तपासणीचा एक शहाणपणाचा उपयोग केला. लहान मूल फारसे कुठे जात नाही. त्याला लागण झाली असेल तर ती देणारा माणूस बहुतेक घरातलाच किंवा शेजारचा, आणि लागण झाली तीही नुकतीच. शिवाय लहान मुलाच्या खोकल्यातून जंतू सहसा फारसे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे ते स्वतः क्वचितच दुसऱ्याला रोग देते. तेव्हा मुलाच्या हातावर खूण उमटली की घरातल्या मोठ्यांची तपासणी करायची. खोकणारी आजी, रात्री घाम येणारा काका, वजन उतरत चाललेली मावशी, यांपैकी कोणीतरी त्या खुणेच्या मागे उभे असते.

आपल्याकडे मोठी माणसे खोकला अंगावर काढतात. ‘धुळीचा आहे’, ‘विडीचा आहे’, ‘थंडी पडली की होतोच’. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर बोभाटा नको म्हणून तपासणीच टळते. दहा बाय दहाच्या खोलीत नातवंड आजोबांच्या कुशीत झोपते. मद्रासच्या क्षय-उपचार केंद्राने १९५० च्या दशकाच्या अखेरीस घरी उपचार घेणारे रोगी आणि आरोग्यधामात ठेवलेले रोगी यांची तुलना केली. त्यात असे दिसले की रोगी घरी ठेवला म्हणून घरच्यांत क्षय वाढत नाही. घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक उपचार सुरू होण्याआधीच झालेली असते. धोका औषध घेणाऱ्या माणसाकडून फार नसतो, तो खोकला अंगावर काढणाऱ्याकडून असतो.

मोहीम आणि उरलेली मुले

दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफ आणि स्कँडिनेव्हियन मदतसंस्था यांनी मिळून आंतरराष्ट्रीय क्षय मोहीम उघडली. बीसीजी ही काल्मेत आणि गेरँ यांची लस मुलांना द्यायची, हा तिचा उद्देश. आधीच लागण झालेल्याला ही लस दिली तर टोचलेल्या जागी जोराची प्रतिक्रिया येते, आणि अशाला लसीचा उपयोगही नाही असे मानले जाई. म्हणून आधी ट्युबरक्युलिन टोचायचे, तीन दिवसांनी हात वाचायचा, आणि ज्याच्या हातावर काही उमटले नाही त्यालाच लस द्यायची, असा क्रम होता.

भारतात १९४८ मध्ये हे काम सुरू झाले. आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम् या आरोग्यधामात डॅनिश डॉक्टर फ्रिमोट-मोलर पितापुत्रांनी क्षयाचे काम उभे केले होते. तिथे सुरुवातीचे प्रयोग झाले, लस मद्रासच्या गिंडीतल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊ लागली, आणि १९५१ पासून मोहीम देशभर पसरली. शाळेत रांगा लागत. पहिल्या दिवशी एक टोचणी, चौथ्या दिवशी वाचन आणि हवी तर दुसरी टोचणी. विरोधही झाला. राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये पुस्तिका लिहून या सार्वत्रिक लसीकरणाला उघड विरोध केला. निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू घालण्याइतका पुरावा कुठे आहे, असा त्यांचा रोख होता.

वाद लसीभोवती रंगला. माझे लक्ष मात्र आकड्यांकडे गेले. १९४८ ते १९५१ या तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय मोहिमेने निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे ३ कोटी जणांची तपासणी केली आणि सुमारे १ कोटी ४० लाख जणांना लस दिली. ३ कोटींतून १ कोटी ४० लाख वजा केले की १ कोटी ६० लाख उरतात. त्यांतले काही वाचनाच्या दिवशी आलेच नाहीत. उरलेल्यांत लागण निघाली. मोहिमेच्या दृष्टीने त्यांचे काम संपले होते, लस नको म्हणून त्यांना घरी जाऊ दिले. खरे तर सगळ्या रांगेत ज्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू होता ती हीच मुले होती.

यात कोणाची दुष्ट बुद्धी शोधायचे कारण नाही. त्या मुलांना द्यायला मोहिमेकडे काही नव्हते. आयसोनियाझिड हे स्वस्त आणि परिणामकारक औषध १९५२ मध्ये आले, तोवर मोहिमेची घडी बसून गेली होती. पुढे गावोगावी दोन-दोन फेऱ्या घालणे परवडेना, वाचनाला मुले येईनात, म्हणून १९६० च्या दशकात भारतात आधी तपासणी न करता थेट लस द्यायचे ठरले. मोहिमेपुरती ट्युबरक्युलिनची गरज संपली.

त्या लसीची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी. तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची मोठी चाचणी झाली. १९७९ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले, आणि फुप्फुसाच्या क्षयापासून या लसीने तिथे संरक्षण दिलेले दिसले नाही. तरी तान्ह्या मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून ती बऱ्याच प्रमाणात वाचवते, म्हणून आजही जन्मल्याबरोबर ती देतात आणि द्यायला हवी.

मुलांची मोजपट्टी

लसीसाठी तपासणी थांबली, पण मोजदादीसाठी ती चालू राहिली. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षय संस्था स्थापन झाली. एखाद्या प्रदेशात क्षय किती फैलावतो आहे हे मोजण्यासाठी मुलांचे हात सर्वांत उपयोगी. चाळीस वर्षांच्या माणसात लागण सापडली तर ती कधी झाली हे सांगता येत नाही. सात वर्षांच्या मुलात सापडली तर ती गेल्या सात वर्षांतलीच. त्यावरून वर्षाला शंभरातल्या किती जणांना नव्याने लागण होते याचा दर काढता येतो. डच संस्थांमध्ये काम केलेले कारेल स्टिब्लो यांनी ही रीत जगभर रुजवली. दर १ टक्का असेल तर पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पाच, आणि दहा वर्षांच्या शंभरांत सुमारे दहा लागण झालेली सापडतील, असा हा सरळ हिशेब.

भारतात २००० ते २००३ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत हा दर १.५ टक्के निघाला, आणि २००९-१० च्या पाहणीत १ टक्का. उतार आहे, आणि तो चांगलाच आहे. पण १ टक्का म्हणजे किती? हजार मुलांच्या शाळेत वर्षाला दहा नव्या लागणी. हे आकडे मिळाले ते मुलांनी हात पुढे केले म्हणून. त्यांवरून धोरणे आखली, निधी मागितले, यशापयश ठरवले. मूल ही मोजपट्टी झाली, आणि मोजून झाले की पट्टी घडी करून ठेवतात.

औषध होते, पण

लागण झालेल्या मुलाला रोग होण्याआधीच औषध दिले तर? अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५५ पासून मुलांवर आणि पुढे अलास्कातल्या गावांत आयसोनियाझिडच्या चाचण्या केल्या. औषध घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण बरेच कमी झाले. म्हणजे गेली साठ-पासष्ट वर्षे उत्तर माहीत आहे.

भारतात ते का पोचले नाही याची कारणे खोटी नव्हती. लागण झालेले कोट्यवधी लोक, त्यांतले बहुतेक कधीच आजारी न पडणारे. प्रत्यक्ष थुंकीतून जंतू टाकणाऱ्या रोग्यांनाच औषध पुरत नव्हते, मग धडधाकट दिसणाऱ्यांना सहा-सहा महिने गोळ्या कोण देणार? शिवाय आतून रोग सुरू झालेल्याला एकच औषध दिले तर जंतू त्या औषधाला सरावतो, ही भीती. प्रौढांच्या बाबतीत हा युक्तिवाद पटतो. बाकी काही दुखणे नसलेल्या प्रौढाला लागणीनंतर जन्मभरात रोग होण्याची शक्यता शंभरात पाच-दहा. पण एक वर्षाच्या आतल्या तान्ह्या मुलाला लागण झाली आणि औषध मिळाले नाही तर जवळपास निम्म्यांना रोग होतो, आणि त्यांतल्या काहींच्या तो थेट मेंदूपर्यंत जातो. प्रौढासाठी बरोबर असलेला हिशेब तान्ह्या मुलाला लावला गेला, ही या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली बेरीज.

क्षयरोग्याच्या घरातल्या पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक औषध द्यावे असे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सूचनांत पुष्कळ वर्षे लिहिलेले होते. त्यासाठी रोग्याला ‘घरात लहान मूल आहे का?’ एवढे विचारायचे होते. ते विचारणे मात्र सगळीकडे झाले नाही.

पुन्हा गाई, आणि पुणे

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कसोटी सुधारली. मांटूचा जुना दोष असा की बीसीजी घेतलेल्या किंवा मातीपाण्यातल्या निरुपद्रवी जंतूंशी संबंध आलेल्या मुलाच्या हातावरही फुगवटा येऊ शकतो. १९९८ मध्ये क्षयजंतूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. बीसीजीची लस घडताना मूळ जंतूचा एक तुकडा तिच्यातून गळून गेला होता, हेही त्या दशकात स्पष्ट झाले. त्या तुकड्यावरची प्रथिने वापरली तर लस आणि खरी लागण यांत फरक करता येतो. रक्ताच्या नळीत ही प्रथिने घालून पाहायची तपासणी निघाली. तिचे मूळ तंत्र ऑस्ट्रेलियात गुरांच्या क्षयासाठी तयार झाले होते. शंभर वर्षांनी पुन्हा गाई पुढे आणि मुले मागे!

तीच प्रथिने मांटूसारखी कातडीत टोचायची नवी कसोटी डेन्मार्कमध्ये विकसित झाली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतले, आणि २०२२ मध्ये ‘साय-टीबी’ नावाने तिला भारतात परवानगी मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा कसोट्यांना मान्यता दिली. हात तोच, दोन-तीन दिवसांची वाट तीच.

माझ्या मते याहून मोठा बदल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. फुप्फुसाच्या क्षयरोग्याच्या घरातल्या सर्वांना, रोग नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध द्यायचे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लागणीच्या तपासणीची अटच नाही, आणि मोठ्यांसाठी ती उपलब्ध नसेल तर त्या कारणाने औषध अडवायचे नाही. पूर्वी तपासणी होती आणि औषध नव्हते. आता तपासणी नसली तरी औषध आहे. शंभराहून अधिक वर्षांनी प्रश्नांचा क्रम सरळ झाला.

कागदावर सरळ झालेला क्रम घरापर्यंत पोचवणारी माणसे म्हणजे आशाताई आणि क्षय विभागाचे कर्मचारी. ठणठणीत दिसणाऱ्या बाळाला सहा महिने रोज गोळी का द्यायची, हे आईला आणि त्याहून जास्त आजीला पटवणे सोपे नाही. त्यांच्या नोंदवहीत ‘रोग्याच्या घरातली मुले’, ‘औषध सुरू केले’ आणि ‘औषध पूर्ण केले’ हे तीन आकडे एका ओळीत जुळले पाहिजेत. जुन्या मोहिमांच्या तक्त्यांत ज्यांचे पुढे काय झाले हे लिहायला जागाच नव्हती, त्या मुलांसाठी आता रकाना आखलेला आहे. आपल्या ओळखीत कोणाला क्षयाचे औषध सुरू झाले असेल, तर घरात लहान मूल आहे का आणि त्याला दवाखान्यात नेले का, एवढे विचारले तरी त्या रकान्यात एक आकडा पडेल.